मेडिटेरेनियन पास्ता सॅलड: थंड खायचा पास्ता कसा शिजवायचा आणि कसा मुरवायचा

पास्ता सॅलड फसतं ते बहुतेक वेळा एकाच कारणाने. गरम खायच्या पास्त्याचे नियम थंड पास्त्याला लावले जातात. पास्ता थोडी कणी राखून उतरवला जातो, मीठ गरम असतानाच चाखून ठरवलं जातं आणि ड्रेसिंग शेवटी एकदाच ओतलं जातं. करताना सगळं छान वाटतं. दोन तासांनी भांडं फ्रिजमधून बाहेर काढलं की पास्ता वातड, चव मिळमिळीत आणि तळाशी काकडी-टोमॅटोचं पाणी साचलेलं. पुढची कृती त्या दोन तासांनंतरची चव डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे. पदार्थ थंड खायचा आहे, तेव्हा शिजवण्यापासून मीठ घालण्यापर्यंतचा प्रत्येक निर्णय थंड चवीच्या हिशेबाने घ्यायचा.

‘मेडिटेरेनियन’ या नावाबद्दल थोडं. भूमध्य समुद्राकाठच्या कुठल्या एका देशाचं हे पारंपरिक सॅलड नाही. टोमॅटो, काकडी, कांदा, ढोबळी मिरची, ऑलिव्ह, फेटा चीज आणि ओरेगॅनो हे सगळं येतं ग्रीसच्या ‘होरियातिकी’ सॅलडमधून, आणि पास्ता येतो इटलीत उन्हाळ्यात केल्या जाणाऱ्या थंड पास्त्याच्या पद्धतीतून. होरियातिकीमध्ये सॅलडची पानं नसतात आणि भाज्या बारीक चिरत नाहीत, चांगल्या मोठ्या फोडी ठेवतात. हे दोन्ही नियम इथेही पाळावेत. पानं ड्रेसिंगमध्ये अर्ध्या तासात मलूल होतात आणि बारीक चिरलेली भाजी लवकर पाणी सोडते.

काय आणि किती

खालचं प्रमाण मुख्य जेवण म्हणून चार जणांना पुरतं. सोबतचा पदार्थ म्हणून वाढलं तर सहा-सात जणांना होईल. छोटा चमचा म्हणजे ५ मिली आणि मोठा चमचा म्हणजे १५ मिली. चमचे सपाट भरायचे.

पास्ता ३०० ग्रॅम, कोरडा. शिजून तो साधारण दुपटीहून थोडा जास्त भरतो.

भाज्यांमध्ये एक मोठी काकडी (२५० ते ३०० ग्रॅम), चेरी टोमॅटो २५० ग्रॅम, लाल ढोबळी मिरची १ मध्यम आणि लाल कांदा अर्धा, म्हणजे साधारण ६० ग्रॅम. बिया काढलेले ऑलिव्ह ८० ग्रॅम. शिजवून निथळलेले काबुली चणे १५० ग्रॅम. घरी शिजवणार असाल तर ७५ ग्रॅम कोरडे चणे आठ-दहा तास भिजवून घ्या. फेटा १५० ग्रॅम. पार्सली एक चांगली मूठभर, पुदिन्याची आठ-दहा पानं.

ड्रेसिंगसाठी एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह ऑईल ६ मोठे चमचे, रेड वाईन व्हिनेगर २ मोठे चमचे, लिंबाचा रस १ मोठा चमचा, डिजाँ मस्टर्ड (मोहरीची फ्रेंच पेस्ट) १ छोटा चमचा, लसणाची १ मोठी पाकळी, कोरडा ओरेगॅनो दीड छोटा चमचा, मीठ अर्धा छोटा चमचा, ताजी कुटलेली मिरी अर्धा छोटा चमचा, मध अर्धा छोटा चमचा.

नेहमीच्या पानांच्या सॅलडसाठी तीन भाग तेल आणि एक भाग आंबट असं प्रमाण धरतात. इथे ते मुद्दाम दोनास एक ठेवलं आहे. पिठूळ पास्ता आंबटपणा शोषून बोथट करतो आणि थंडपणा उरलेली धार आणखी कमी करतो. तीनास एक या प्रमाणात केलेलं ड्रेसिंग चमच्यावर चाखताना झकास लागतं, पण पास्त्यात गेल्यावर नुसतं तेलकट वाटतं.

कुठला पास्ता घ्यावा

आखूड, वळणावळणाचा आणि खाचा असलेला. फुसिली सर्वांत भरवशाचा, कारण त्याच्या पिळांत ड्रेसिंग, ओरेगॅनोचे कण आणि फेट्याचा चुरा अडकून राहतो. पिळाची नळी असलेला कावातापी आणि वाटीच्या आकाराचा ओरेकिएते हेही उत्तम. पेन्ने चालतो, पण त्याच्या नळीत भाज्यांचं पाणी साचतं, त्यामुळे त्याला दुप्पट निथळावं लागतं. फुलपाखराच्या आकाराचा फारफाल्ले दिसतो देखणा, पण त्याची मधली चिमट जाड असते. कडा मऊ होईपर्यंत ती कच्चट राहते आणि थंड झाल्यावर आणखीच कडक लागते. स्पॅगेटीसारखा लांब पास्ता या कामाचा नाही. तो गार होताना एकमेकांत गुंततो आणि भाज्या सगळ्या भांड्याच्या तळाशी जातात.

पाकिटावर ड्युरम गव्हाच्या रव्याचा पास्ता असल्याचं लिहिलेलं पाहून घ्या. ड्युरममधलं प्रथिन शिजल्यावरही पिष्टाला घट्ट धरून ठेवतं, म्हणून दुसऱ्या दिवशीही पास्त्याचा आकार टिकतो. पृष्ठभाग गुळगुळीत चकचकीत असण्यापेक्षा थोडा खरखरीत, पांढुरका असलेला चांगला. ब्राँझच्या साच्यातून काढलेला पास्ता असा दिसतो आणि त्यावर ड्रेसिंग छान बसतं. अंड्याचा ताजा पास्ता मात्र घेऊ नका, तो मऊ पडून चिकटतो.

गव्हाशिवायचा पास्ता हवा असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. तांदूळ किंवा मक्याचा पास्ता फ्रिजमध्ये खूपच कडक आणि ठिसूळ होतो. तो करायचा त्याच दिवशी, फ्रिजमध्ये न ठेवता, दोन तासांच्या आत खाऊन संपवायचा. चण्याच्या किंवा मसुरीच्या पिठाचा पास्ता उकळताना भरपूर फेस आणतो आणि ढवळताना तुटतो. त्याला मोठं पातेलं आणि हलका हात लागतो.

आधी भाज्यांचं पाणी काढा

पास्ता शिजत ठेवण्याआधी ही तयारी पूर्ण हवी, कारण पास्ता गाळल्यावर हातात वेळ उरत नाही.

काकडीत जवळजवळ ९५ टक्के पाणी असतं. मीठ लागलं की ते बाहेर येणारच, मग ते सॅलडमध्ये येऊ देण्यापेक्षा आधीच चाळणीत येऊ द्यावं. काकडी उभी दुभागून मधला बियांचा गर चमच्याने खरवडून काढा. उरलेल्या भागाचे सेंटिमीटरभर जाडीचे तुकडे करा, अर्धा छोटा चमचा मीठ चोळा आणि चाळणीत २० मिनिटं ठेवा. खाली दोन-तीन चमचे पाणी जमेल, ते फेकून द्या. काकडी धुवायची नाही. स्वच्छ फडक्यावर पसरून टिपून घ्यायची. साल कोवळी असेल तर ठेवा, जाड किंवा मेण लावलेली असेल तर काढा.

टोमॅटोचं गणित उलटं आहे. चेरी टोमॅटो अर्धे करा, पाव छोटा चमचा मीठ लावून दुसऱ्या चाळणीत १५ मिनिटं ठेवा, पण खाली वाटी ठेवायला विसरू नका. टोमॅटोची सगळी खुमारी बियांभोवतीच्या जेलीसारख्या रसात असते. तोंडाला पाणी आणणारं ग्लुटामेट तिथेच जास्त असतं. म्हणून हा रस जपून ठेवायचा आणि ड्रेसिंगमध्ये घालायचा. काकडीच्या पाण्याने सॅलड पातळ होतं, टोमॅटोच्या रसाने त्याला चव येते. दोन्ही एकाच चाळणीत एकत्र ठेवण्याची घाई इथे महागात पडते.

टोमॅटो आधीपासून फ्रिजमध्ये ठेवू नका. थंडीत त्याचा सुगंध मंदावतो आणि गर पिठूळ होतो. पूर्ण पिकलेले, देठाजवळ वास येणारे टोमॅटो घ्या. मोठेच टोमॅटो मिळत असतील तर घट्ट गराचे घ्या आणि दोन सेंटिमीटरच्या फोडी करा. त्यांना निथळायला २५ मिनिटं तरी द्या.

कांदा अगदी पातळ, कागदासारखा चिरा आणि ड्रेसिंगसाठी मोजलेल्या दोन चमचे व्हिनेगरमध्ये चिमूटभर मीठ टाकून १५ मिनिटं बुडवून ठेवा. त्याचा उग्रपणा जातो, कुरकुरीतपणा राहतो आणि आम्लामुळे रंग सुरेख गुलाबी होतो. नंतर कांदा काढून घ्यायचा आणि तेच व्हिनेगर ड्रेसिंगमध्ये वापरायचं. पाण्यात भिजवूनही कांदा सौम्य होतो, पण मग त्याची चव पाण्याबरोबर निघून जाते.

ढोबळी मिरचीला काही करावं लागत नाही. बिया आणि आतल्या पांढऱ्या शिरा काढून दीड सेंटिमीटरचे चौकोन करा. हिरवीपेक्षा लाल किंवा पिवळी घ्या. हिरवी म्हणजे न पिकलेली मिरची, थंड पदार्थात तिचा कडवटपणा पुढे येतो.

ऑलिव्ह कुठले घ्यायचे यावर सॅलडची निम्मी चव ठरते. ग्रीसच्या पेलोपोनीज भागातल्या कालामाता शहराच्या नावाने ओळखले जाणारे जांभळट, बदामी आकाराचे ऑलिव्ह या सॅलडला सर्वांत शोभतात. त्यांना फळाची आणि व्हिनेगरची चव असते. डब्यात मिळणारे एकसारखे काळेकुळकुळीत ऑलिव्ह बहुतेक वेळा न पिकलेल्या फळांवर प्रक्रिया करून काळे केलेले असतात आणि चवीला अगदी मुळमुळीत लागतात. तेच हाताशी असतील तर सोबत एक मोठा चमचा केपर्स (खारवलेल्या कळ्या) धुऊन घाला. ऑलिव्ह ‘बिनबियांचे’ असं लिहिलेलं असलं तरी प्रत्येक हाताने दाबून पाहा. एखादी बी हमखास राहून जाते आणि ती कुणाच्या तरी दाताखाली येते.

ड्रेसिंग

झाकणाच्या बरणीत करणं सर्वांत सोपं. क्रम मात्र मोडू नका.

लसूण बारीक किसणीवर किसून थेट लिंबाच्या रसात टाका आणि दहा मिनिटं तसाच ठेवा. लसूण ठेचला की त्यातलं एक विकर (एन्झाइम) कामाला लागतं आणि तिखट, झणझणीत द्रव्यं तयार होतात. आम्लात हे विकर मंद पडतं, म्हणून लसणाचा वास राहतो पण दुसऱ्या दिवशी तोंडात रेंगाळणारा उग्रपणा येत नाही. किसलेला लसूण आधी तेलात टाकला तर हा फायदा मिळत नाही.

आता त्यात कांद्याचं व्हिनेगर, मीठ, मिरी, मध आणि टोमॅटोचा जमलेला रस दोन मोठे चमचेपर्यंत घाला. मीठ पूर्ण विरघळेपर्यंत हलवा. तेल घातल्यावर मीठ विरघळत नाही, ते कण तसेच राहतात आणि पुढे एखादा घास खारट लागतो. मग मस्टर्ड, तळव्यावर चुरडलेला ओरेगॅनो आणि शेवटी तेल. झाकण घट्ट लावून अर्धा मिनिट जोरात हलवा. मस्टर्ड तेल आणि आम्लाला एकत्र धरून ठेवतं. ते नसेल तर दोन मिनिटांत थर वेगळे होतात, आणि मग पहिल्या वाढपात तेल जातं, शेवटच्यात नुसतं व्हिनेगर.

चाखून पाहताना बोट बुडवून चाखू नका. काकडीचा एक तुकडा बुडवून खा. ड्रेसिंग थोडं जास्तच आंबट आणि जास्तच खारट वाटलं पाहिजे. इथे ‘अगदी बरोबर’ वाटणारं ड्रेसिंग पास्त्यात कमी पडतं.

तेल महागडं असायलाच हवं असं नाही, पण ताजं हवं. ऑलिव्ह ऑईल शिळं झालं की मेणबत्तीसारखा किंवा जुन्या शेंगदाण्यासारखा खवट वास येतो. या सॅलडमध्ये ते कच्चंच पोटात जातं, त्यामुळे हा दोष लपायला जागा नाही.

पास्ता शिजवणं आणि गार करणं

मोठ्या पातेल्यात ३ लिटर पाणी उकळा. उकळी आल्यावर त्यात दोन मोठे चमचे बारीक मीठ घाला, म्हणजे साधारण ३५ ग्रॅम. आकडा मोठा वाटेल, पण यातलं बहुतेक मीठ पाण्याबरोबर मोरीत जातं. पास्त्याला आतून चव लावण्याची संधी ही एकदाच मिळते. बाहेरून कितीही मीठ लावलं तरी आतला पास्ता फिकाच राहतो, आणि थंड झाल्यावर तो फिकेपणा गरम पास्त्यापेक्षा कितीतरी ठळक जाणवतो. पाण्यात तेल घालू नका. ते वर तरंगतं आणि गाळताना पास्त्याला चिकटतं, मग ड्रेसिंग त्यावरून घसरतं.

पास्ता टाकल्यावर पहिली दोन मिनिटं सतत ढवळा. चिकटतो तो याच वेळात. नंतर अधूनमधून ढवळलं तरी पुरे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गरम पास्ता ‘अल देंते’, म्हणजे दाताला किंचित कणी लागेल असा उतरवतात. सॅलडसाठी तसं करायचं नाही. पाकिटावर दिलेल्या वेळेपेक्षा एक ते दोन मिनिटं जास्त शिजवा. शिजताना पिष्टाचे कण पाणी पिऊन फुगतात आणि मऊ होतात. गार होताना त्यातले रेणू पुन्हा एकमेकांना बिलगून घट्ट रचना करतात, आणि फ्रिजच्या तापमानाला ही क्रिया वेगाने होते. म्हणून गरम असताना नेमका वाटणारा पास्ता थंड झाल्यावर रबरासारखा चिवट लागतो. थोडा जास्त मऊ उतरवलेला पास्ता थंड झाल्यावर नेमका होतो.

वेळेपेक्षा डोळ्यांवर आणि दातांवर भरवसा ठेवा. एक तुकडा काढून सुरीने आडवा कापा. मध्यभागी पांढरा ठिपका दिसत असेल तर अजून शिजायचा आहे. ठिपका गेला की आणखी एक मिनिट. चावताना कुठेही अडखळायला नको, पण बोटांत दाबल्यावर लगदाही व्हायला नको. कडा फाटून झिरमिळ्या निघाल्या तर पास्ता जास्त शिजला. तो सॅलडमध्ये ढवळताना फुटतो, त्याला उपाय नाही.

धुवावा की धुऊ नये? गरम पास्ता कधीच धुऊ नये, कारण त्यावरचं पिष्ट सॉसला धरून ठेवतं. सॅलडमध्ये मात्र तेच पिष्ट गार होऊन पास्त्याची ढेकळं करतं. आमचं मत मधल्या मार्गाचं आहे. चाळणीत गाळा, लगेच थंड पाण्याखाली १० ते १५ सेकंद हलवत धुवा आणि पास्ता अजून कोमट असतानाच थांबा. पूर्ण थंडगार होईपर्यंत धुतलेला पास्ता मीठही गमावतो आणि ड्रेसिंगही नीट शोषत नाही. धुऊन झाल्यावर चाळण जोरात झटका, पाच मिनिटं निथळू द्या, मधे दोनदा उलटंपालटं करा. फुसिलीच्या पिळांत आणि पेन्नेच्या नळीत अडकलेलं पाणी ड्रेसिंगला पातळ करतं, म्हणून ही पाच मिनिटं वाचवू नका.

दोनदा ड्रेसिंग

निथळलेला कोमट पास्ता आणि चणे मोठ्या, पसरट भांड्यात घ्या. भांडं सॅलडच्या आकारमानाच्या दीडपट तरी मोठं हवं. लहान भांड्यात ढवळायला जोर लावावा लागतो आणि सगळं मोडतं. बरणी पुन्हा हलवून ड्रेसिंगचा दोन तृतीयांश भाग ओता आणि खालून वर असं उलथून मिसळा. तळाला ड्रेसिंगचं डबकं दिसेल. घाबरू नका. २० मिनिटं उघडंच ठेवा, मधे दोनदा हलवा. कोमट पास्ता ते पिऊन घेतो आणि डबकं नाहीसं होतं.

भाज्या यानंतर, पास्ता पूर्ण गार झाल्यावर घालायच्या. गरम पास्त्यात काकडी टाकली तर ती कोमेजते आणि टोमॅटो अर्धवट शिजल्यासारखा लागतो. कांदा, ढोबळी मिरची, ऑलिव्ह, काकडी, टोमॅटो या क्रमाने घालून हलक्या हाताने मिसळा. झाकून अर्धा ते एक तास फ्रिजमध्ये मुरू द्या.

वाढायच्या २० ते ३० मिनिटं आधी बाहेर काढा. हा वेळ उगाच दिलेला नाही. ऑलिव्ह ऑईल फ्रिजमध्ये गोठून पांढुरके कण होतात आणि जिभेवर मेणचट लागतात. थोडं तापमान वाढलं की ते विरघळतात आणि ओरेगॅनो-लसणाचा वासही पुन्हा खुलतो. मग उरलेलं एक तृतीयांश ड्रेसिंग बरणीत हलवून वरून घाला. पहिलं ड्रेसिंग पास्त्याच्या आत गेलेलं असतं, बाहेरची ओलसर चकाकी आणि ताजी आंबट चव या दुसऱ्या हप्त्याने येते. सगळं ड्रेसिंग एकदाच संपवून टाकलेलं सॅलड कोरडं दिसतं, मग वरून नुसतं तेल ओतलं जातं आणि चव आणखी सपाट होते.

पार्सली आणि पुदिना अगदी शेवटी, मोठा मोठा चिरून. आम्लाच्या सहवासात हिरवा रंग तासाभरात शेवाळी होऊ लागतो. बेसिल वापरणार असाल तर सुरीने चिरू नका, पानं हाताने तोडून वाढतानाच टाका, नाहीतर कडा काळ्या पडतात.

फेटा सर्वांत शेवटी. खाऱ्या पाण्यातला अखंड तुकडा घ्या. आधीच चुरा केलेल्या पाकिटातला फेटा कोरडा असतो, कारण कण चिकटू नयेत म्हणून त्यात बहुधा पावडर घातलेली असते. युरोपीय संघात २००२ पासून ‘फेटा’ हे नाव फक्त ग्रीसच्या ठरावीक भागांत, मेंढीच्या दुधापासून बनवलेल्या चीजला वापरता येतं. त्यात शेळीचं दूध जास्तीत जास्त ३० टक्के चालतं. गाईच्या दुधाचं तसंच दिसणारं चीज चालेल, पण त्याला ती आंबूस, तिखट धार नसते, तेव्हा लिंबाचा रस अर्धा चमचा वाढवा. तुकडा चाखून पाहा. फार खारट असेल तर १५ मिनिटं थंड पाण्यात ठेवून टिपून घ्या. मग बोटांनी दीड-दोन सेंटिमीटरचे खडबडीत तुकडे करून अर्धे आत मिसळा, अर्धे वर पसरा. आधीच घालून ढवळत राहिलात तर फेटा विरघळून सगळ्याला पांढरा लेप चढतो.

आता, आणि आताच, मीठ चाखा. एका घासात पास्ता, भाजी, ऑलिव्ह आणि फेटा हे सगळं यायला हवं. नुसता पास्ता चाखून मीठ वाढवलं तर फेटा-ऑलिव्हचा घास खारट होतो. बहुतेक वेळा कमी असतो तो आंबटपणा. आधी लिंबाचे चार थेंब पिळा, पुन्हा चाखा, मग लागलंच तर मीठ घाला.

बिघडलंच तर

पास्त्याचा गठ्ठा झाला असेल तर चमच्याने फोडू नका. दोन चमचे कोमट पाणी शिंपडा, पाच मिनिटांनी हाताने सोडवा. तळाशी पाणी साचलं असेल तर सॅलड चाळणीत ओतून पाणी जाऊ द्या, मग नवीन ड्रेसिंग दोन चमचे घाला, कारण त्या पाण्याबरोबर मीठ आणि आम्लही गेलेलं असतं. पास्ता कडकच राहिला असेल तर तो थंड सॅलड म्हणून सुधारत नाही. खोलीच्या तापमानाला आणून खाल्ला तर बराच बरा लागतो. जास्त आंबट झालं असेल तर साखर ओतत बसू नका. चणे किंवा फेटा वाढवा. जास्त खारट असेल तर बिनमिठाची काकडी आणि थोडा आणखी शिजवलेला पास्ता घाला. सगळं प्रमाणात असूनही चव झोपलेली वाटत असेल तर लिंबाची थोडी साल किसून टाका, फक्त पिवळा भाग. पांढरा भाग कडू असतो.

आदल्या दिवशी करायचं असेल तर

हे सॅलड आदल्या दिवशी अर्धं करून ठेवता येतं, पूर्ण नाही. पास्ता, चणे, दोन तृतीयांश ड्रेसिंग, कांदा, ढोबळी मिरची आणि ऑलिव्ह एवढं मिसळून, झाकून फ्रिजमध्ये ठेवा. टोमॅटो, काकडी, पाला (पार्सली आणि पुदिना) आणि फेटा खायच्या दिवशीच. उरलेलं ड्रेसिंग बरणीत, तेही फ्रिजमध्येच. कच्चा लसूण घातलेलं तेल खोलीच्या तापमानाला ठेवणं धोक्याचं आहे. तेलाखाली हवा पोचत नाही आणि अशा जागी बोट्युलिझम या गंभीर विषबाधेचे जीवाणू वाढू शकतात. आंबटपणामुळे धोका कमी होतो, तरीही तीन-चार दिवसांपेक्षा जास्त ठेवू नका.

बाहेर न्यायचं असेल तर फेटा, पाला आणि ड्रेसिंग वेगवेगळ्या डब्यांत न्या आणि तिथे गेल्यावर मिसळा. वीस जणांसाठी सोबतचा पदार्थ म्हणून करायचं असेल तर कोरडा पास्ता ९०० ग्रॅम, बाकी सगळं तिप्पट. लसूण मात्र दुपटीवर थांबवा. हा पास्ता एका पातेल्यात कोंबू नका. दोन पातेल्यांत शिजवा, नाहीतर पास्ता टाकल्यावर पाण्याची उकळी थांबते आणि बाहेरचा थर चिकट होतो. इतका पास्ता चाळणीत नीट निथळतही नाही, तो परातीत किंवा मोठ्या ट्रेमध्ये एका थरात पसरा.

चिकन किंवा डब्यातला ट्यूना घालायचा असेल तर २०० ग्रॅम पुरे, आणि तो भाज्यांबरोबर. भाजलेली वांगी, झुकिनी किंवा ढोबळी मिरची घातल्यास काकडी वगळा, कारण भाजलेल्या भाजीचा मऊपणा आणि काकडीचा कुरकुरीतपणा एका घासात जुळत नाही. तेलातले सुके टोमॅटो ४० ग्रॅम घातले तर त्यांचंच तेल एक-दोन चमचे ड्रेसिंगमध्ये वापरा.

तयार सॅलड बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एक तासच. शिजवलेल्या पिष्टमय पदार्थांत ‘बॅसिलस सिरिअस’ या जीवाणूचे बीजाणू उकळीतूनही वाचतात आणि कोमट वातावरणात वाढून विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम करूनही नाहीसं होत नाही. ४ अंश किंवा त्याखालच्या फ्रिजमध्ये, घट्ट झाकणाच्या डब्यात सॅलड तीन दिवस चांगलं राहतं. काकडी दुसऱ्या दिवसापासून मऊ पडते, ती खटकत असेल तर वेचून काढून ताजी घाला. फ्रीजरमध्ये ठेवू नका. गोठून सुटलेल्या काकडी-टोमॅटोचा चोथा होतो आणि पास्ता भुसभुशीत. उरलेलं सॅलड दुसऱ्या दिवशी खाताना लिंबाचा रस एक छोटा चमचा, तेल एक छोटा चमचा आणि चिमूटभर ताजा ओरेगॅनो घालून दहा मिनिटं बाहेर ठेवा, मग वाढा.